मॉडेल ठेवलं की झालं?

एक प्रश्न विचारते. तुमच्यासमोर साडेसहाशे वर्षांची एक इमारत आहे. ती पाडायचं ठरलंय. ठरवणारा माणूस असा की त्याला 'नाही' ऐकायची सवयच नाही. तरी तुम्ही विरोध करता. तो चिडत नाही. उलट समजुतीच्या सुरात म्हणतो, तिचं एक छानसं मॉडेल बनवून म्युझियममध्ये ठेवू, लोकांना बघायला मिळालं म्हणजे झालं ना? आणि हळूच पुढे म्हणतो, त्या म्युझियमचे डायरेक्टर तुम्हीच व्हा की!

आता बोला. घ्याल ऑफर?

प्लेसमेंटच्या सीझनमध्ये असं काही विचारणं जरा दुष्टपणाचंच आहे, मान्य. पण हा प्रश्न माझ्या डोक्यातून आलेला नाही. १९३० च्या दशकात जॉर्जिया देशातल्या एका चित्रकाराला तो खरोखर विचारला गेला होता, असं तिथे सांगितलं जातं. विचारणारा होता लाव्हरेंती बेरिया, म्हणजे स्टॅलिनचा उजवा हात. आणि इमारत होती तिबिलिसी शहरातलं मेतेखीचं चर्च.

जॉर्जिया म्हटल्यावर ज्यांना अमेरिकेतलं राज्य आठवलं त्यांनी नकाशा जरा पूर्वेला सरकवावा. काळ्या समुद्राच्या पूर्व काठाला, कॉकेशस पर्वताच्या कुशीत हा देश आहे. वर रशिया, खाली तुर्कस्तान, आर्मेनिया आणि अझरबैजान. हल्ली आपल्याकडची बरीच मुलं तिथे डॉक्टर व्हायला जातात. माझा मावसभाऊ त्यातलाच एक. त्याने तिबिलिसीहून पाठवलेल्या फोटोंपैकी निम्म्या फोटोंत त्याच्या मागे एक कडा, कड्याखाली नदी आणि कड्यावर एक चर्च होतं. घरचे सगळे दादा किती बारीक झालाय ते बघत होते. मी पडले सिव्हिलची, मी मागची बिल्डिंग बघत बसले! मग लायब्ररी, नेट आणि दादाचं डोकं खाणं, असं करत या चर्चच्या मागे लागले. (सत्तरच्या पुढचे मराठी आकडे उच्चारायचे म्हणजे आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना घाम फुटतो, म्हणून या लेखातली सालं मनातल्या मनात वाचावीत ही विनंती.)

आधी जागा समजून घेऊ. म्टक्वारी नदी, जिला कुरा असंही म्हणतात, तिबिलिसीच्या मधून वाहते. जुन्या शहरात एका ठिकाणी तिच्या डाव्या तीरावर सरळ कापल्यासारखा खडक उभा आहे. त्याच्या अगदी टोकाशी मेतेखी. समोरच्या तीरावर गंधकाच्या गरम पाण्याची हमामं आणि त्यांच्या वर डोंगरावर नारिकालाचा जुना किल्ला. शहराच्या जन्माची दंतकथाही याच पाण्याची आहे. पाचव्या शतकात वाख्तांग गोर्गासाली हा राजा शिकारीला गेला, त्याच्या ससाण्याने एका पक्ष्यावर झडप घातली आणि दोघंही गरम झऱ्यात पडले. राजाने झरा बघून इथेच शहर वसवायचं ठरवलं. जॉर्जियन भाषेत 'त्बिली' म्हणजे ऊबदार, त्यावरून तिबिलिसी. समोरच्या कड्यावर राजाने वाडा आणि चर्च बांधलं असंही परंपरा सांगते, पण त्यातलं आज काहीच उरलेलं नाही.

आज जे उभं आहे ते तेराव्या शतकाच्या शेवटाकडचं, देमेत्रे दुसरा या राजाने बांधलेलं. त्याआधीची पन्नास-साठ वर्षं शहराने फार भोगलं होतं. १२२६ मध्ये ख्वारज्मच्या जलालुद्दीनने तिबिलिसी घेतलं. हा तोच जलालुद्दीन, जो १२२१ मध्ये चंगीजखानापुढे हरल्यावर घोड्यासकट सिंधू नदीत उडी मारून आपल्या बाजूला आला होता! जॉर्जियन चर्चच्या परंपरेप्रमाणे त्याने शहरात एक लाख लोकांची कत्तल केली, आणि ती जागा मेतेखीजवळच्या पुलावरची मानतात. त्याच्या पाठोपाठ मंगोल आले आणि राहिले.

देमेत्रे गादीवर आला तो मंगोलांचा मांडलिक म्हणूनच. १२८९ मध्ये मंगोलांचा इलखान अर्घून याला त्याच्यावर कटात सामील असल्याचा संशय आला आणि बोलावणं आलं. लोक म्हणाले, जाऊ नका, डोंगरात निघून जा. पण आपण पळालो तर मंगोल आपल्या लोकांवर तुटून पडतील हे राजाला कळत होतं. तो स्वतःहून गेला, आणि मार्च १२८९ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. जॉर्जियाच्या इतिहासात त्याचं नाव 'तावदादेबुली' म्हणजे आत्मबलिदान करणारा असं लागतं. काळाचा अंदाज यायला सांगते, त्याच्या पुढच्याच वर्षी, १२९० मध्ये, आपल्याकडे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली.

आता थोडं आपल्या विषयाचं. (मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांनी हा परिच्छेद ऑप्शनला टाकला तरी चालेल.) चर्चचा प्लॅन क्रॉसच्या आकाराचा आणि मधोमध उंच घुमट. घुमटाचा भार आत मोकळ्या उभ्या असलेल्या चार खांबांवर आहे. गंमत म्हणजे देमेत्रेच्या काळापर्यंत ही पद्धत जुनी झाली होती. तरीसुद्धा मेतेखीच्या कारागिरांनी जुनाच प्लॅन घेतला. पूर्वेच्या भिंतीतून तीन अर्धगोल बाहेर आलेले दिसतात, तेही तिथल्या त्या काळच्या चर्चमध्ये सहसा न दिसणारे. मूळ बांधकाम घडीव दगडाचं, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत जिथे जिथे डागडुजी झाली तिथे विटा. म्हणजे कुठे मार बसला आणि कुठे सावरलं हे भिंतीवरच कळतं.

आमच्या शाळेत छोटं चॅपल होतं. त्यामुळे चर्च म्हणजे ओळीने मांडलेली बाकं असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दादा म्हणाला, तिथे बाकंच नसतात, सगळे उभे राहून प्रार्थना करतात. मेतेखीकडे बघून मला ते पटलं. ही इमारतही उभी राहण्यासाठीच जन्माला आली आहे. कारण तिचा पुढचा बायोडाटा वाचा.

सतराव्या शतकात रोस्तोम राजाने चर्चभोवती बळकट किल्ला केला आणि सुमारे ३,००० शिपाई ठेवले. १७९५ मध्ये इराणच्या आगा मोहम्मद खानाने शहर लुटलं आणि जाळलं. १८०१ पासून रशियाचं राज्य आलं, आणि चर्चमध्ये प्रार्थनेऐवजी लष्कराच्या बराकी आल्या. १८१९ मध्ये जुना किल्ला पाडून तिथे तुरुंग बांधला. हा मेतेखीचा तुरुंग कुप्रसिद्ध होता. १८९८ मध्ये मॅक्झिम गॉर्कीलासुद्धा इथे कोंडलं होतं. रशियाचा झार गेला, सोव्हिएत राज्य आलं, तरी तुरुंग चालूच राहिला, तो थेट १९३८ पर्यंत.

आणि याच काळात बेरियाने ठरवलं की चर्च पाडायचं.

आता त्या चित्रकाराकडे येऊ. त्याचं नाव दिमित्री शेवर्दनाद्झे. जन्म १८८५ चा. म्युनिकला जाऊन चित्रकला शिकून आलेला. परत आल्यावर नुसती स्वतःची चित्रं काढत न बसता देशातली चित्रं गोळा करायच्या मागे लागला. १९२० मध्ये तिबिलिसीत राष्ट्रीय कलादालन सुरू झालं ते त्याच्या प्रयत्नांनी. म्हणजे म्युझियम हा त्याचा जीव की प्राण होता. बेरियाने ऑफर दिली ती अगदी माणूस ओळखून दिली! पैसे नाहीत, बंगला नाही, तर म्युझियम.

शेवर्दनाद्झे नाही म्हणाला. त्याला अटक झाली आणि १९३७ मध्ये त्याला ठार मारण्यात आलं. चर्च मात्र पाडलं गेलं नाही.

ज्याने बांधलं तो देमेत्रे आणि ज्याने वाचवलं तो दिमित्री. मुळात दोन्ही नावं एकच. सिनेमात दाखवलं असतं तर आपणच म्हटलं असतं, "काहीपण!" दोघांनाही पळवाट होती. एकाला डोंगरात जाता आलं असतं, दुसऱ्याला म्युझियममध्ये. दोघांनी ती घेतली नाही.

आता माझा मुद्दा. बेरियाचं वाक्य आपण हसण्यावारी नेऊ नये, कारण ते वाक्य आज आपल्या तोंडी आहे. फक्त भाषा बदललीय. तो स्केल मॉडेल म्हणाला, आपण थ्रीडी स्कॅन म्हणतो, व्हर्च्युअल टूर म्हणतो, डिजिटल ट्विन म्हणतो. "सगळा डेटा घेतलाय, आता पाडायला हरकत नाही." हे बोलणारी माणसं दुष्ट असतात असं नाही. बऱ्याचदा ती आपल्यासारखीच डिग्री घेतलेली, शांत स्वभावाची आणि घाईत असलेली असतात.

मॉडेलमध्ये काय येत नाही हे आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळायला हवं. साधा हिशोब करा. १:१०० चं मॉडेल केलं, मटेरियल तेच वापरलं. तर क्षेत्रफळ दहा हजार पटीने कमी होतं आणि वजन दहा लाख पटीने. म्हणजे स्वतःच्या वजनाने दगडावर येणारा स्ट्रेस मूळ इमारतीच्या शंभरावा भाग. थोडक्यात, मॉडेलला काही सोसावंच लागत नाही! मेतेखीचे ते चार खांब सातशेहून जास्त वर्षं जे पेलत आहेत, त्याचा एक टक्का त्रासही काचेच्या पेटीतल्या मॉडेलला नाही. आकार तोच, पण काम शून्य.

दुसरं म्हणजे मॉडेल कुठल्या वर्षाचं करणार? १२८९ चं? मग विटांची डागडुजी गेली. १८९८ चं? मग गॉर्कीचा तुरुंग ठेवावा लागेल. मॉडेल करणारा एक दिवस निवडतो आणि बाकीचे पुसून टाकतो. खरी भिंत कुठलाच दिवस पुसत नाही.

माझ्या रूममेटला (शाखा : कॉम्प्युटर, स्वभाव : वादविवाद) हे वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "अगं, पण एका बिल्डिंगसाठी माणसाने जीव द्यायचा? दगड तो दगडच. माणूस जगला असता तर अजून दहा म्युझियमं काढली असती त्याने." खरं सांगते, याला पटकन उत्तर सुचलं नाही. जीव दगडापेक्षा मोठा, यात वाद नाही. पण शेवर्दनाद्झेला कोणी "दगड की जीव" असा पर्याय दिला नव्हता. त्याला पर्याय दिला होता "दगड की खुर्ची". जीव घ्यायचा हे ठरवलं ते बेरियाच्या माणसांनी. त्याची किंमत आपण त्या चित्रकाराच्या खात्यावर मांडायची, हे मला पटत नाही.

तिचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार होता. "मग काय, जुनं ते सगळं ठेवायचं? धोकादायक झालं तरी?" नाही बुवा. सगळं ठेवता येत नाही. मेतेखीलाच बघा ना. १९५० च्या दशकाच्या शेवटी तिथला तुरुंग पाडला. तेव्हाही विरोध झाला, पण ऐकला गेला नाही. आज फोटोत कडा इतका मोकळा आणि सुंदर दिसतो तो त्यामुळेच. पुढे तिथे वाख्तांग राजाचा मोठा अश्वारूढ पुतळाही उभा राहिला, आणि माझ्या मावसभावासह सगळे त्याच्याखाली फोटो काढतात. दिसायला छान आहे, नाकारत नाही. पण शंभराहून जास्त वर्षं जिथे माणसं कोंडली गेली, ती जागा आता बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही. मला विचाराल तर निदान एक भिंत ठेवायला हवी होती.

म्हणजे सगळं ठेवा असं माझं म्हणणं नाहीच. पाडणं कधी कधी भाग असतं. पण पाडताना "मॉडेल आहे ना" असं म्हणून मनाची समजूत घालू नका. पाडतोय तर पाडतोय म्हणा. काय घालवतोय त्याची यादी करा, आणि खाली स्वतःचं नाव लिहा.

इमारत ठेवायची म्हणजे कुलूप लावून ठेवायची असंही नाही. मेतेखी टिकलं याचं एक कारण म्हणजे कोणी ना कोणी ते सतत वापरत होतं. चांगल्यासाठी म्हणा, वाईटासाठी म्हणा! बराक होती तेव्हा छप्पर तरी होतं. नंतर काही वर्षं तिथे कला संग्रहालयाच्या वस्तू ठेवायचं गोदाम झालं. १९७० च्या दशकात तर चक्क तरुण कलाकारांचं थिएटर होतं. म्हणजे आपल्या वयाची मुलं तेराव्या शतकातल्या घुमटाखाली नाटकाच्या तालमी करत होती. आपल्याला गॅदरिंगच्या तालमीला एक रिकामी क्लासरूम मिळताना मारामार! पुढे पॅट्रिआर्क इलिया दुसरे यांनी पाठपुरावा केला आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चर्च झालं. जॉर्जिया १९९१ मध्ये स्वतंत्र झाला त्याच्या थोडंसंच आधी. मूळ इमारत जागेवर होती, म्हणून ती परत देता आली. मॉडेल असतं तर काय परत देणार होते?

खरी वस्तू आणि तिची नक्कल यातला फरक जॉर्जियाच्या लोकांना किती कळतो, याचा एक पुरावा आपल्या शेजारी गोव्यातच सापडला. केतेवान नावाची त्यांची राणी १६२४ मध्ये इराणमध्ये शिराझला मारली गेली. शाह अब्बासने धर्म बदलायला सांगितलं होतं, तिने नकार दिला. (या देशात नकार देणाऱ्यांची परंपराच दिसते.) ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थींचा काही भाग जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या चर्चमध्ये आणून ठेवला. पुढे ते चर्च कोसळलं. पुरातत्त्व खात्याने अवशेषांत खोदकाम केलं तेव्हा हाडं मिळाली. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी डीएनए तपासला आणि ती त्या राणीचीच असावीत असा निष्कर्ष २०१३ मध्ये जाहीर केला. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्यातला काही भाग तिबिलिसीत जाऊन जॉर्जियाच्या हवाली केला. जवळजवळ चारशे वर्षांनी हाडाचा तो तुकडा घरी गेला. त्या लोकांना राणीची चित्रं हवी तेवढी काढता आली असती, पुतळे करता आले असते. तरी हवा होता तो तुकडाच. श्रद्धेचा भाग सोडून द्या, पण ज्याचा डीएनए तपासता येतो अशी वस्तू म्हणजे काय, आणि तिचं चित्र म्हणजे काय, हा फरक तरी इंजिनिअरला कळायला हरकत नाही.

हे सगळं मी का लिहितेय? दीडेक वर्षात आपण इथून बाहेर पडू. कोणी सरकारी खात्यात लागेल, कोणी कन्सल्टंटकडे, कोणी बिल्डरकडे. तिथे आपल्याला बेरिया भेटणार नाही. भेटेल तो एक चांगला बॉस, एक डेडलाईन आणि एक छापील फॉर्म. त्यावर लिहायचं असेल की ही इमारत दुरुस्तीपलीकडे आहे, किंवा नाही. रिपोर्ट कसा यावा हे कोणीतरी आधीच सुचवलेलं असेल, आणि ऐकलं तर पुढचं काम आपल्यालाच, हेही. जीव जाणार नाही आपला. फार तर एक प्रोजेक्ट जाईल, एक इन्क्रिमेंट जाईल. म्हणजे शेवर्दनाद्झेच्या मानाने पेपर फारच सोपा आहे!

तेव्हा माझं सांगणं एवढंच की सही करायच्या आधी स्वतः त्या इमारतीत जाऊन या. फोटोवरून नको, ड्रॉईंगवरून नको. भिंतीला हात लावा, कुठे दगड आहे आणि कुठे वीट ते बघा, भार कुठून कुठे जातोय ते शोधा. दोन-चार जुन्या माणसांशी बोला. खरंच पडायला आली असेल तर तसं लिहा, त्यात लाज कसली? पण नसेल, तर "नाही" लिहा. आणि कोणी म्हणालं, "जाऊ द्या हो, मॉडेल ठेवू छानसं," तर त्यांना विचारा, त्या मॉडेलवर भार किती येतो?

तिबिलिसीतल्या त्या राष्ट्रीय कलादालनाला आज दिमित्री शेवर्दनाद्झेचं नाव आहे. बेरियाला त्याच्याच सरकारने १९५३ मध्ये गोळी घातली. आणि मेतेखी? दादाने परवाच अजून एक फोटो पाठवला. चर्चमधून लोक बाहेर पडतायत आणि खाली नदीला पूर आलाय. मॉडेल कुठेच दिसलं नाही.

— एक विद्यार्थिनी, टी. ई. सिव्हिल